भाड्याचा ट्रक आणि बॉस्टनचा स्टॉरो ड्राइव्ह: "आमचा ट्रक कमर्शियल नाही, मग चालेल ना?"

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही वेगळं समजले असेन तर लगेच सांगाल. तुम्ही दोघं मित्र न्यू जर्सीतल्या एडिसनहून बॉस्टनला येताय. तुमचं घर ऑलस्टनमध्ये आहे, मित्राची खोली नदीपलीकडे केंब्रिजला एमआयटीजवळ, आणि दोघांचेही भाडेकरार 1 सप्टेंबरपासून सुरू होतात. 15 फुटी ट्रक भाड्याने घेऊन स्वतःच चालवायचा बेत आहे. फोनवरचा नकाशा बॉस्टनमध्ये शिरल्यावर स्टॉरो ड्राइव्ह आणि पुढे मेमोरियल ड्राइव्ह हे चार्ल्स नदीकाठचे रस्ते दाखवतोय, पण तिथे ट्रकना मनाई आहे असं कुणीतरी सांगितलं. म्हणून तुम्ही विचारलंत, "आमचा ट्रक कमर्शियल नाही, आत आमचंच सामान आहे, मग चालेल ना? आणि नाहीच चाललं तर दंड किती?"

नाही चालणार. दंडाचं तर सोडूनच द्या, ती यातली सगळ्यात किरकोळ बाब आहे. तुमचा ट्रक साधारण 12 फूट उंच असेल. स्टॉरो ड्राइव्हवर उंचीची मर्यादा 10 फूट आहे आणि मेमोरियल ड्राइव्हवर काही ठिकाणी 9 फुटांच्या पाट्या आहेत. सामान घरचं असो की दुकानाचं, पुलाखाली ट्रकचं डोकं अडकणारच.

बॉस्टनमध्ये घरसामान हलवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बरीच वर्षं डिस्पॅचरचं काम करते. कोणता ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार, कुठे वळणार, कुठे उभा राहणार हे आदल्या दिवशी ठरवायचं आणि दिवसभर फोनवर ड्रायव्हरांना सांभाळायचं, हे माझं काम. ऑगस्टअखेरीस दरवर्षी हाच प्रश्न कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणारे बहुतेक तुमच्यासारखे पहिल्यांदाच मोठी गाडी हातात घेणारे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा रस्ता असा का, ते आधी समजून घ्या. ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. चार्ल्स नदीच्या मुखाशी 1910 साली धरण बांधून पूर्ण झालं. त्याआधी भरती-ओहोटीबरोबर इथे चिखल उघडा पडायचा आणि दुर्गंधी यायची. धरणामुळे पाण्याची पातळी स्थिर झाली आणि काठाने बाग करता आली. त्या धरणासाठी जेम्स स्टॉरो या गृहस्थांनी खूप खटपट केली होती. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी हेलन स्टॉरो यांनी ही बाग वाढवण्यासाठी दहा लाख डॉलर दिले. बागेतून मोठा रस्ता काढायला त्यांचा विरोध होता, आणि त्या होत्या तोवर तो रस्ता झाला नाही. 1944 साली त्या वारल्या, 1949 साली रस्त्याचा कायदा संमत झाला आणि 1951 साली रस्ता खुला झाला. नाव मात्र स्टॉरो यांचंच दिलं. मला ही गोष्ट आजही लागते. ज्या बाईने बाग वाचवली, तिच्याच घरचं नाव त्या बागेवर आलेल्या रस्त्याला मिळालं.

आता यातली तुमच्या कामाची गोष्ट. रस्ता नंतर आला, पूल आधीपासून होते. मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यू ज्यावरून नदी ओलांडतो तो हार्वर्ड पूल 1891 सालचा, लाँगफेलो पूल 1906 सालचा. तेव्हा काठाने मोटारी धावतील असं कुणाच्या मनातही नव्हतं. पन्नासच्या दशकात रस्ता काढला तो या पुलांखालच्या उरलेल्या फटीतून ओवून काढला. शिवाय अमेरिकेत त्या काळी 'पार्कवे' म्हणजे बागेतून मोटारीने फिरायची वाट अशीच कल्पना होती. मालवाहू गाड्या तिथे येऊच नयेत हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, त्यामुळे जास्त उंची ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. आजही हा रस्ता राज्याच्या महामार्ग खात्याकडे नाही. उद्यानं आणि नदीकाठ सांभाळणाऱ्या खात्याकडे आहे.

मग नंतर तरी रस्ता खोल का नाही केला, असं तुम्ही विचाराल. कारण शेजारी नदी आहे. रस्ता भरावावर आहे आणि नदीच्या पातळीपेक्षा फार वर नाही. खोदलं की पाणी लागणार. इथल्या एका बोगद्यात आधीच गळती आणि झीज यांची कायमची डोकेदुखी आहे. त्यात बॅक बे हा सगळा भागच पाणथळ बुजवून केलेला. तिथली जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत आणि ते खुंट भूजलात बुडालेले असतात तोवरच टिकतात. भूजल खाली गेलं की लाकूड कुजतं. तेव्हा दोन फूट उंची मिळवायला रस्ता खोल करणं म्हणजे शेजारच्या वस्तीच्या पायालाच हात घालणं. पूल उचलायचे तर त्यांना जोडलेले शहरातले रस्तेही उचलावे लागतील. म्हणून उंची आहे तीच राहणार, हे धरून चाला.

आता "कमर्शियल" या शब्दाबद्दल. रॅम्पच्या, म्हणजे या रस्त्यावर चढायच्या जोडरस्त्याच्या तोंडाशी पाटी असते ती 'फक्त मोटारी' अशी. ट्रक कुणाच्या मालकीचा, नंबरप्लेट कसली, आत काय आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. भाड्याचा बॉक्स ट्रक मोटारीत मोडत नाही, विषय संपला. बसेसनाही मनाई आहे.

एक घोळ मात्र नवख्यांचा हमखास होतो आणि तो फार महाग पडतो. भाड्याच्या ट्रकला 10 फुटी, 15 फुटी, 26 फुटी म्हणतात ती मागच्या डब्याची लांबी असते. उंचीशी त्या आकड्याचा संबंध नाही. काउंटरवर "10 फुटी ट्रक" असं ऐकलेलं असतं, रस्त्यावर "उंची मर्यादा 10 फूट" अशी पाटी दिसते, आणि डोक्यात गणित जुळतं. 15 आणि 20 फुटी ट्रक साधारण 12 फूट उंच असतात, 26 फुटी तर 13 च्या घरात जातो. नेमका आकडा तुमच्या ट्रकवरच लिहिलेला असतो, बहुतेक वेळा ड्रायव्हरसमोर डॅशबोर्डवर किंवा वर ऊन अडवायच्या झडपेवर. ताबा घेताना तो वाचा आणि नसेल तर विचारून घ्या. मग एका कागदावर जाड मार्करने तो आकडा फुटात आणि मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवा. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, 10 फूट म्हणजे 3.05. आपल्याकडून आलेल्या माणसाला मीटरचा अंदाज पटकन येतो, म्हणून दोन्ही लिहायला सांगते.

आणखी एक बारकावा. रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा थोडा उंच उभा राहतो, कारण सामान उतरलं की स्प्रिंगा सैल होतात. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पुलाखालची जागा तेवढी कमी होते. स्टॉरोवर तुमचा प्रश्न इंचांचा नाही, तिथे फुटांनीच अडेल. पण इतर ठिकाणी एखाद्या पुलाखालून येताना कसाबसा निघालात, तर जाताना निघालच असं धरू नका.

भारतात रेल्वेच्या पुलाखालून रस्ता जातो तिथे अलीकडे लोखंडी आडवी कमान असते, आठवतं ना? उंच गाडी आधी त्या कमानीला अडते आणि पूल वाचतो. इथे रॅम्पच्या तोंडाशी वरून लोंबकळणारी पाटी असते, खाली रबरी पट्ट्या. ट्रकचं टप तिला लागलं की खडखडाट होतो. ती पाटी गाडी अडवत नाही, फक्त इशारा देते. खिडक्या बंद, गाणी चालू, शेजारचा मित्र फोनमध्ये डोकं घालून "पुढे डावीकडे" म्हणतोय, मागचा हॉर्न मारतोय, अशा वेळी तो आवाज मागच्या सामानाचा वाटतो आणि माणूस पुढे जातो. म्हणून शहरात शिरल्यापासून गाणी बंद आणि खिडकी अर्धी उघडी, हे मी आमच्या अनुभवी ड्रायव्हरांनाही सांगते.

आमच्याकडे एकदा सकाळी एका ग्राहकाचा फोन आला. सोफा आणि पलंग आमच्या ट्रकने येणार होता आणि बाकीचं सामान तो स्वतः भाड्याच्या ट्रकने आणत होता. म्हणाला, "ताई, वर काहीतरी आपटलं, पण गाडी ठीक आहे. पुढे जाऊ का?" मी विचारलं, समोर काय दिसतंय. तो म्हणाला, उजवीकडे नदी आणि पुढे वळण. मी म्हटलं, आहात तिथेच थांबा, चारही दिवे लावा, 911 ला फोन करून सांगा की उंच ट्रक आहे आणि रॅम्पवर अडकलोय. तो घाबरला होता, मागे गाड्यांची रांग लागली होती, लोक खिडकीतून हात काढून ओरडत होते. पोलीस आले, मागची वाहतूक थांबवली आणि त्याला एकेक फूट मागे घेत बाहेर काढलं. एक आरसा वाकडा झाला, बाकी काही नाही. त्याने त्या ओरडणाऱ्या लोकांना भिऊन अॅक्सिलरेटर दाबला असता तर पुढच्या पुलाखाली संसार रस्त्यावर आला असता.

तुम्हीही एवढं लक्षात ठेवाच. चुकून आत शिरलात तर वेग कमी करा, चारही दिवे लावा, पुलाच्या बऱ्याच अलीकडे थांबा आणि 911 ला फोन करा. स्वतःच्या मनाने रिव्हर्स घेऊ नका. ट्रकला मागचं दिसत नाही आणि मागून येणाऱ्या मोटारींना तुम्ही उलटे येताय याची कल्पना नसते. खाली उतरून हातवारे करायलाही जाऊ नका. मधे बाहेर पडायचे रॅम्प आहेत, पण पुढचा पूल आधी लागेल की रॅम्प, हे तुम्हाला तिथे ठाऊक नसतं. हा जुगार खेळू नका. पोलिसांसमोर ओशाळवाणं होईल, कदाचित दंडही होईल. तो भरून टाका आणि सुटा.

आदळलं तर काय होतं, तेही सांगते. केबिनच्या वर जो पुढे आलेला कप्पा असतो तो आधी पुलाच्या कडेला भिडतो आणि वरचा पत्रा पापुद्र्यासारखा मागे गुंडाळत जातो. पुलाला सहसा ओरखडाही येत नाही. सामान मात्र उघड्यावर पडतं. या रस्त्याला कडेला थांबायला पट्टी जवळजवळ नाहीच, लेन अरुंद आहेत, त्यामुळे एक ट्रक अडकला की मागची सगळी वाहतूक तुंबते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल याच रस्त्याच्या टोकाजवळ आहे. त्या गर्दीत रुग्णवाहिका असू शकते, प्रसूतीला निघालेली बाई असू शकते. इथले लोक दरवर्षी या अपघातांवर विनोद करतात, अशा अपघाताला 'स्टॉरो होणं' असं स्थानिक क्रियापदच झालंय. मला त्यात हसू येत नाही.

पैशाचंही बोलू. काउंटरवर जे 'डॅमेज वेव्हर', म्हणजे जादा पैसे घेऊन नुकसानभरपाईतून सूट, देतात त्यात ट्रकच्या टपाला उंचीच्या चुकीने झालेलं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. क्रेडिट कार्डावरचं गाडीभाड्याचं संरक्षण साधारणपणे ट्रकला लागू होत नाही, आणि तुमच्या मोटारीच्या विम्यातही भाड्याचा ट्रक बहुधा बसत नाही. सगळीकडे सारखंच असतं असं नाही. सही करण्याआधी करारात 'ओव्हरहेड' हा शब्द शोधा आणि त्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. काउंटरवर रांग लागलेली असली तरी वाचा.

आता मुख्य गोष्ट, मार्ग. तुमचा फोन तुम्हाला मोटार समजून रस्ता दाखवतोय, उंचीचा त्याला पत्ताच नाही. आणि मला दाट शंका आहे की तुम्ही 'टोल टाळा' हा पर्याय चालू ठेवलाय. कारण न्यू जर्सीहून ऑलस्टनला येणारा सरळ रस्ता मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकचा, म्हणजे आय-90 चा. हा टर्नपाइक नदीला जवळजवळ समांतर आहे, त्यावर ट्रकना मुभा आहे, पण टोल आहे. टोल टाळा म्हटलं की फोन टर्नपाइक सोडतो आणि फुकटचा रस्ता म्हणून नदीकाठच्या पार्कवेवर आणून सोडतो. 'हायवे टाळा' हा पर्याय तर आणखी घातक, कारण मोठे, उंच पुलांचे रस्तेच त्यात वगळले जातात. दोन्ही बंद करा. टोलनाके आता नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल ट्रक कंपनीमार्फत तुमच्याकडे येतं. वर ती काही शुल्क लावू शकते, ते आधी विचारून ठेवा.

एडिसनहून निघताना मी तुमच्या जागी आय-287 ने उत्तरेला जाईन, मारियो कुओमो पुलावरून हडसन ओलांडेन, मग आय-684 आणि ब्रूस्टरजवळ आय-84. तिथून डॅनबरी, वॉटरबरी, हार्टफर्ड करत स्टरब्रिजला आय-90. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून आय-95 ने येता येईल, पण तिथे ट्रकना फक्त वरच्या मजल्यावरून जाऊ देतात आणि पुढची क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवेची गर्दी नवख्या ड्रायव्हरला रडवते. वेळ थोडाफार इकडेतिकडे होईल, ते त्या दिवशीच्या गर्दीवर आहे. मी वेळेपेक्षा साध्या वळणांना किंमत देते.

या वाटेवर दोन ठिकाणी सावध राहा. न्यू जर्सीतच गार्डन स्टेट पार्कवे आहे, त्यावर 105 क्रमांकाच्या एक्झिटच्या उत्तरेला जड ट्रकना मनाई आहे, तेव्हा तिकडे वळूच नका. दुसरं म्हणजे न्यूयॉर्कमध्ये आय-287 वरून आय-684 घेताना तिथेच हचिन्सन रिव्हर पार्कवेचेही फाटे आहेत. फाटे लागोपाठ येतात आणि गडबड होते. त्या पार्कवेवर किंग स्ट्रीटचा एक पूल आहे, त्याला ट्रक वारंवार धडकतात आणि तो त्यासाठीच बदनाम आहे. आणि हाच पार्कवे कनेक्टिकटच्या हद्दीत शिरला की मेरिट पार्कवे होतो. 1938 साली सुरू झालेला फार देखणा रस्ता आहे तो, प्रत्येक पुलाची नक्षी वेगळी. कधी मोटारीने जरूर जा. ट्रकला आणि ट्रेलरला तिथेही बंदी आहे. फाटा चुकला तर घाबरून पुढच्या कुठल्याही रॅम्पवर चढू नका, आय-287 वरच पुढे जा आणि मग शांतपणे वळा.

टर्नपाइकवर बॉस्टनच्या अलीकडे नेटिकचा सर्व्हिस प्लाझा लागेल. तिथे थांबा, चहा-कॉफी घ्या आणि शेवटच्या टप्प्याचा मार्ग उभ्या गाडीत दोघांनी मिळून नीट वाचा. त्यानंतर फोन बघणारा एक, गाडी चालवणारा एक, आणि बोलणं फक्त रस्त्याचं.

ऑलस्टनसाठी एक्झिट 131. बाहेर पडलात की केंब्रिज स्ट्रीट लागतो. नावात केंब्रिज असलं तरी हा रस्ता बॉस्टनमध्येच आहे, गोंधळू नका. तिथून ऑलस्टनच्या बाजूला वळायचं, नदीच्या बाजूला नाही. नदीकडे गेलात तर पुलाच्या अलीकडे सोल्जर्स फील्ड रोडचे रॅम्प आहेत. सोल्जर्स फील्ड रोड म्हणजे स्टॉरो ड्राइव्हचाच पश्चिमेकडचा भाग, पुलांची तीच कथा आणि बंदीही तीच. नाव वेगळं असल्यामुळे लोक तिथे फसतात.

मित्राचं सामान पोचवायला मात्र तुम्हाला नदी ओलांडावीच लागेल. तेव्हा त्याच केंब्रिज स्ट्रीटने नदीकडे या, दोन्ही बाजूंचे रॅम्प सोडून सरळ रिव्हर स्ट्रीटच्या पुलावर चढा. पलीकडे सिग्नलला मेमोरियल ड्राइव्ह आडवा येईल. तो फक्त ओलांडायचा, त्यावर वळायचं नाही. फोन तिथे "उजवीकडे वळा" म्हणेल, कारण एमआयटी त्या बाजूला नदीकाठानेच जवळ दिसते. त्याचं ऐकू नका. सरळ सेंट्रल स्क्वेअरपर्यंत जा आणि तिथून मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूने उजवीकडे. परत येताना वेस्टर्न अॅव्हेन्यूने नदी ओलांडा. हे दोन्ही रस्ते एकेरी आहेत, जायचा वेगळा आणि यायचा वेगळा. वाट थोडी वाकडी पडेल, सिग्नल लागतील, पण वर आकाश मोकळं आहे. बॅक बेकडे काही आणायला जायचं झालं तर कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूवर मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूच्या चौकात मधल्या लेन खाली भुयारात जातात, तिथे कडेच्या लेनमध्येच राहा.

मेमोरियल ड्राइव्हचा एक भाग एप्रिलअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी गाड्यांसाठी बंद असतो. लोक तिथे चालतात, सायकली चालवतात, मुलं स्केटिंग करतात. तुमचा दिवस रविवार असेल तर आजूबाजूच्या गल्ल्यांत गर्दी जास्त असणार, तो वेळ धरा. पुण्यात नदीपात्रातला रस्ता खडकवासल्यातून पाणी सोडलं की बंद होतो. इथे तो माणसांना फिरायला मिळावं म्हणून बंद करतात, आणि मला ते फार आवडतं. चार जुलैला याच काठावर संगीत आणि आतषबाजी असते तेव्हा स्टॉरो ड्राइव्हही बंद ठेवतात. मुळात हा काठ बागेचा आहे, याची आठवण तेवढ्यापुरती तरी राहते.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी कार्गो व्हॅनबद्दल विचारलंय, त्याचंही इथेच सांगते. कार्गो व्हॅन सहसा 10 फुटांच्या आत असते, त्यामुळे ती स्टॉरोच्या पुलाखाली अडणार नाही. पण उंच टपाच्या व्हॅन 9 फुटांच्या आसपास जातात, आणि मेमोरियल ड्राइव्हवर तेवढ्याने घात होऊ शकतो. मोटारीला मागे ट्रेलर जोडला असेल तर पार्कवेपासून लांबच राहा, उंची कितीही असो. मी आमच्या व्हॅनसुद्धा तिकडे पाठवत नाही. वाचणारी पाच-दहा मिनिटं पुढच्या सिग्नलला जातात, आणि ड्रायव्हरला एकदा तिकडची सवय लागली की दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊनही हात त्याच वळणाला वळतात.

बॉस्टनमधले सगळेच पार्कवे ट्रकना बंद आहेत असंही नाही. काहींवर मुभा आहे, काहींवर ठरावीक भागात. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये नावात पार्कवे दिसला की ट्रकने जायचं नाही, हा नियम पुरेसा आहे. इथे नावावरून कळत नाही, स्टॉरोच्या नावात तर तो शब्दच नाही. म्हणून इथे पाटीच वाचायची. स्टॉरो, सोल्जर्स फील्ड, मेमोरियल, शिवाय रिव्हरवे आणि जमैकावे, ही पाच नावं उंचीच्या आकड्याखाली त्याच कागदावर लिहा.

1 सप्टेंबरबद्दल एक शेवटचं. त्या दिवशी ऑलस्टनमध्ये अर्धी वस्ती घर सोडते आणि अर्धी घरात शिरते. दुपारी ट्रकला गल्लीत शिरायला जागा मिळत नाही आणि याच वेळी लोक चिडून, घाईघाईने, कुठल्यातरी मोकळ्या दिसणाऱ्या रस्त्यावर ट्रक घालतात. स्टॉरोवरचे अपघात त्यातूनच होतात, नियम माहीत नसण्यापेक्षा घाईमुळे जास्त. जमलं तर आदल्या रात्री कुठेतरी बाहेर मुक्काम करून पहाटे या. घरासमोर ट्रक उभा करायला शहराकडून परवाना मिळतो आणि त्याच्या 'पार्किंग नाही' अशा पाट्या काही दिवस आधी लावाव्या लागतात. ऑलस्टनचा परवाना बॉस्टन देतं, मित्राच्या खोलीसमोरचा केंब्रिज, म्हणजे दोन वेगळे अर्ज. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते उरकून घ्या.

घराचा पत्ता इथे टाकू नका, पण जवळचे दोन आडवे रस्ते कळवलेत तर एक्झिट 131 पासून दारापर्यंतची वळणं लिहून देते. मित्राच्या खोलीच्या बाजूचेही कळवा. सेंट्रल स्क्वेअरजवळच्या काही गल्ल्या एकेरी आहेत आणि ट्रक कोणत्या बाजूने आत घालायचा ते आधी ठरलेलं बरं.